पुराचा आकडा आणि पुलाखालचे यंत्र

जुलैच्या मध्यावर सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचा जोर वाढला, की सांगली आणि परिसरातील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट आहे? ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी, हे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असते. कोल्हापूरकरांच्या तोंडी तेच स्थान राजाराम बंधाऱ्याला आहे. तेथे ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. हे आकडे केवळ कुतूहलाचे नाहीत. गोठ्यातील जनावरे रात्रीच सोडून माळावर न्यायची की सकाळपर्यंत थांबायचे, दुकानातील पोती माळ्यावर चढवायची की दुसऱ्या गावच्या पाहुण्यांकडे हलवायची, अंथरुणाला खिळलेल्या आजींना केव्हा उचलायचे, हे सारे निर्णय घरातील कर्ती माणसे याच आकड्यावरून घेत असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. २०२१ च्या जुलैत ते पुन्हा ५० फुटांवर चढले. निर्णयाला काही तासांचा उशीर झाला, तर घरातून चालत बाहेर पडणे आणि छपरावर बसून बोटीची वाट पाहणे एवढा फरक पडतो, हे कृष्णाकाठाने या दोन्ही वेळी अनुभवले.

हा आकडा येतो कोठून? पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी आणि ती वाचणारा माणूस, ही त्याची जुनी वाट. ती आजही चालू आहे आणि चालूच राहिली पाहिजे. मात्र खांबावरची पट्टी आता काय आहे ते सांगते; उद्या सकाळी काय होईल ते सांगत नाही. सांगलीजवळ चढणारे पाणी सांगलीत पडलेले नसते. ते महाबळेश्वरच्या डोंगरावर आणि कोयनेच्या खोऱ्यात नवजा, कोयनानगर भागात पडलेले असते. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, वारणा सांगलीच्या अगदी खाली हरिपूरजवळ मिळते, पंचगंगा नृसिंहवाडीला. वरून येणाऱ्या पाण्याने नदी चढते आणि खालच्या संगमांवर तुंबलेल्या पाण्यामुळे ती उतरायला वेळ घेते. सुमारे १०५ टीएमसी पाणी साठवणाऱ्या कोयना धरणाचे दरवाजे उचलले, तर ते पाणी सांगलीला पोहोचायला मिनिटे नव्हे, अनेक तास लागतात. हे तासच माणसाच्या हाती असतात. त्यांचा उपयोग व्हायचा असेल, तर वरच्या अंगाचा पाऊस आणि वरच्या पुलांखालची पातळी खालच्या माणसाला त्या त्या वेळी कळली पाहिजे.

यासाठी महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत स्वयंचलित मापन केंद्रांचे जाळे उभारले. डोंगरावर पर्जन्यमापक, पुलांखाली पातळीमापक, धरणांवर जलाशयाची पातळी मोजणारी यंत्रे; आणि या सर्वांकडून येणारी माहिती एकत्र होण्याची जागा पुण्यात. वर्णन वाचताना सारे सोपे भासते. प्रत्यक्षात मोजण्याचे काम त्यामानाने सुटलेले आहे. मोजलेला आकडा दऱ्याखोऱ्यांतून, भर पावसात, वीज नसताना माणसापर्यंत पोहोचवणे हे खरे अवघड काम आहे. त्याहून अवघड, आणि बहुधा घाईत उरकले जाणारे, काम म्हणजे तो पोहोचतो की नाही याची परीक्षा घेणे.

केंद्राची रचना थोडक्यात अशी. पुलाच्या कठड्याला पुढे आलेला एक लोखंडी हात असतो आणि त्याच्या टोकाला रडार सेन्सर, तोंड खाली. तो पाण्याकडे लहरी सोडतो, परतलेल्या लहरीवरून पाणी किती खाली आहे ते ठरवतो. हा आकडा जवळच्या पेटीतील डेटा लॉगर नावाच्या छोट्या संगणकात जातो. लॉगर त्यावर वेळ लिहितो, स्वतःच्या स्मृतीत एक प्रत ठेवतो आणि दुसरी मोडेमच्या हाती देतो. सर्वांना वीज पुरवायला एक बारा व्होल्टची बॅटरी आणि ती भरायला सोलर पॅनेल. मोडेममध्ये मोबाइलचे सिमकार्ड असते, किंवा त्याऐवजी उपग्रहाकडे तोंड केलेला अँटेना असतो. महत्त्वाच्या ठिकाणी दोन्ही. पंधरा मिनिटांना एक याप्रमाणे दिवसाला ९६ नोंदी अशा केंद्रातून निघायला हव्यात.

पहिली फसगत मोबाइलच्या जोडणीतच होते. यंत्र बसवायला आलेला तंत्रज्ञ खिशातला फोन काढतो, पडद्यावर सगळे दांडे भरलेले पाहतो आणि येथे रेंज उत्तम आहे असे लिहून मोकळा होतो. पण त्याच्या फोनात कदाचित दुसऱ्याच कंपनीचे सिम असते. फोन फोर-जीवर चालतो आणि जुना मोडेम केवळ टू-जी जाणतो. फोन पुलावर मोकळ्या हवेत असतो, तर मोडेमचा अँटेना बंद लोखंडी पेटीत. म्हणून परीक्षा फोनाची नव्हे, मोडेमचीच घ्यावी लागते. बहुतेक मोडेमांना सिग्नलची ताकद विचारता येते. उत्तर ० ते ३१ यांपैकी एका आकड्यात येते आणि ९९ आले तर त्याचा अर्थ मोडेमला काही ठाऊक नाही. १० च्या आसपासचा आकडा दुपारी कोरड्या हवेत मिळाला, तर काम चालते असे वाटते. पेटीचे दार लावून, अँटेनाची वायर जेथे कायम राहणार तेथे बांधून, दिवसाच्या तीन-चार वेगवेगळ्या वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे खरी स्थिती कळते. दार उघडे ठेवून घेतलेली चाचणी ही दार उघड्या असलेल्या यंत्राची चाचणी असते.

सिग्नल आहे म्हणजे जोडणी आहे, असेही नाही. मनोऱ्याने सिम ओळखावे लागते. मग इंटरनेटची वाट उघडणारे एपीएन नावाचे एक छोटे नाव मोडेममध्ये अचूक भरलेले असावे लागते. यंत्रांसाठी घेतलेल्या तेरा अंकी क्रमांकाच्या सिमकार्डांना पुष्कळदा स्वतंत्र एपीएन असते आणि त्यातील एका अक्षराची चूक मनोऱ्याशी नाते जुळू देते, पण पुढे काही जाऊ देत नाही. तंत्रज्ञाला तेव्हा हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो, पुण्यातील पडद्यावर मात्र केंद्र मुके असते. म्हणून शहाणा तंत्रज्ञ एक एक पायरी वेगळी तपासतो : मनोऱ्याने ओळखले का, इंटरनेटचा पत्ता मिळाला का, मध्यवर्ती संगणकाला हाक मारली तर प्रतिसाद येतो का, त्या संगणकाचे नेमके दार उघडे आहे का, आणि पाठवलेली नोंद तेथील तक्त्यात दिसते का. सगळ्या पायऱ्या एकदम तपासून सारे ठीक निघाले, तर वेळ वाचतो. बिघाड निघाला, तर तो कोठे आहे हे शोधायला दिवस जातो; आणि मापन केंद्र डोंगरात असेल, तर तो दिवस जीपच्या भाड्यासह मोजावा लागतो.

उपग्रहाची वाट वेगळी आहे. इन्सॅट-३डीआरसारख्या भारतीय हवामान उपग्रहांवर अशा केंद्रांची माहिती झेलून जमिनीकडे परत पाठवणारे साधन असते. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एकाच जागी स्थिर भासतो. ७४ अंश पूर्व रेखांशावरचा हा उपग्रह सांगली-कोल्हापुरातून पाहता जवळजवळ नेमका दक्षिणेला आणि बराच उंच पडतो. अँटेना त्या दिशेला रोखायचा. येथे एक मोठी अडचण दडलेली आहे. ही वाट एकेरी आहे. केंद्र आपली नोंद वर सोडते. ती कोणी ऐकली की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. शिवाय प्रत्येक केंद्राला बोलण्यासाठी काही क्षणांची ठरलेली पाळी असते. केंद्राचे घड्याळ काही सेकंदांनी सरकले, तर ते दुसऱ्याच्या पाळीत बोलू लागते आणि दोघांचेही बोलणे वाया जाते. हे टाळण्यासाठी घड्याळ जीपीएसवरून सतत लावून घेतले जाते. यावरून एक गोष्ट उघड होते : उपग्रहाच्या जोडणीची परीक्षा पुलावर उभे राहून पूर्ण होऊच शकत नाही. तेथे फक्त एवढे कळते की यंत्र बोलले. ते ऐकू आले की नाही, याचे उत्तर भूकेंद्रावर बसलेल्या माणसानेच द्यायचे असते. पुलावरच्याने आणि भूकेंद्रातल्याने फोनवर एकमेकांना आकडे वाचून दाखवत सलग काही पाळ्या जुळवून पाहिल्या, तरच त्या चाचणीला अर्थ.

पावसाचा परिणामही प्रत्येक वाटेवर सारखा नसतो. बँकांच्या गच्चीवर दिसतात तशा लहान तबकडीच्या व्हीसॅट जोडणीत केयू पट्ट्यातल्या लहरी वापरल्या असतील, तर त्यांची लांबी दोन-अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते; मुसळधार पावसाचे थेंब त्यांना चांगलेच अडवतात. हवामान उपग्रहाकडे जाणाऱ्या ४०२ मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी पाऊण मीटर भरते. तिला पावसाची फारशी पर्वा नसते. म्हणजे ज्या रात्री नवजाला आभाळ फाटलेले असते, नेमक्या त्याच रात्री एक वाट क्षीण होते आणि दुसरी टिकते. एप्रिलच्या लख्ख उन्हात घेतलेली चाचणी हा फरक दाखवू शकत नाही. ज्या पावसासाठी यंत्र बसवले, तो पाऊस चाचणीच्या दिवशी हजर नसतो. म्हणून पहिल्या पावसाळ्यात जोडणीच्या नोंदी मुद्दाम तपासत राहणे हाही उभारणीचाच भाग समजला पाहिजे. कंत्राटातील उभारणी कागदावर केव्हा पूर्ण होते, ती गोष्ट निराळी.

जोडणी तुटणारच, हे गृहीत धरूनच लॉगरला स्मृती दिलेली असते. वाट बंद असताना त्याने नोंदी जमवायच्या आणि वाट उघडली की पाठवायच्या. हे खरोखर घडते का, हे पाहण्याची रीत साधी आहे : अँटेनाची वायर काढून ठेवायची, तीन तास थांबायचे, पुन्हा जोडायची. पंधरा मिनिटांच्या हिशेबाने बारा नोंदी मागून आल्या पाहिजेत, प्रत्येक आपापल्या वेळेसह. काही यंत्रे साठलेले सारे आधी पाठवतात आणि ताजी नोंद शेवटी. एरवी याने बिघडत नाही. परंतु पुराच्या रात्री जोडणी दहा मिनिटांसाठी उघडली आणि तेवढ्यात यंत्र कालच्या दुपारपासूनचा इतिहास सांगत बसले, तर आत्ताचा आकडा मागेच राहतो. ताजे आधी, शिळे नंतर, असा क्रम यंत्रात बसवता येतो. तो बसवला आहे का, हे वायर काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. महिनाअखेरच्या अहवालात २,८८० पैकी २,७५० नोंदी मिळाल्या असे लिहिलेले असते आणि ते वाचून समाधान वाटते. गळालेल्या १३० नोंदी महिनाभर विखुरलेल्या असतील, तर समाधान योग्य आहे. त्या सलग असतील, तर ते बत्तीस तास होतात. आणि ते बत्तीस तास पुराचेच असण्याची शक्यता अधिक, कारण जोडणी तुटण्याची कारणे आणि पूर येण्याची कारणे एकच असतात.

याहून फसवी गोष्ट पडद्यावर घडते. केंद्राकडून नवी नोंद आली नाही, तर पुष्कळ पडद्यांवर शेवटची आलेली नोंद तशीच राहते. ४१ फूट असा आकडा तीन तास दिसत राहिला, तर पाहणाऱ्याला नदी थांबली असे वाटते. प्रत्यक्षात नदी नव्हे, मोडेम थांबलेला असतो. याच्या उलट, काही यंत्रे बिघडलेल्या सेन्सरची नोंद शून्य म्हणून पाठवतात. शून्य फूट हा आकडा तरी कोणाला पटत नाही, त्यामुळे चूक लगेच ध्यानात येते. थिजलेला ४१ मात्र सहज पटतो. पडदा कोरा झाला तर माणूस पुलावर धावतो. पडद्यावर पटण्याजोगा जुना आकडा असेल, तर तो खुर्चीत बसून राहतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी त्याची वेळ ठळक दिसली पाहिजे, ठरावीक काळानंतर तो आकडा पडद्यावरून पुसला गेला पाहिजे आणि केंद्र मुके झाल्याची सूचना पूर आल्याच्या सूचनेइतक्याच निकडीने वाजली पाहिजे. हे तपासण्यासाठीही केंद्र मुद्दाम मुके करावे लागते. चालू यंत्र बंद करून पाहण्याला कार्यालयात फारसे कोणी तयार नसते. सुरळीत चाललेल्या गोष्टीला हात कशाला लावा, असा व्यवहार असतो.

वेळेचा घोळ तर अनेकदा कोणाच्याच ध्यानात येत नाही. जीपीएसवरून लागलेले घड्याळ जागतिक वेळ सांगते; भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. मध्ये कोणी रूपांतर केलेच नाही, तर सकाळी सहाची पातळी रात्री साडेबाराची म्हणून दिसते. यंत्रानेही साडेपाच तास मिळवले आणि मध्यवर्ती संगणकानेही मिळवले, तर नोंद चक्क भविष्यातली होते. पाऊस आणि पातळी यांची सांगड घालून पाणी कोठे केव्हा पोहोचेल हे ठरवणाऱ्या गणिताला साडेपाच तासांची चूक पेलत नाही. पुलावर उभ्या माणसाने हातातील घड्याळ आणि पडद्यावरची वेळ एकदा शेजारी ठेवून पाहिली, की हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो.

तसाच प्रश्न मोजमापाचा. सेन्सर सांगतो ते पाण्याचे अंतर, पातळी नव्हे. समजा, सेन्सरचे तोंड मोजपट्टीच्या हिशेबाने ७० फुटांवर आहे आणि पाणी त्याच्या २८ फूट खाली आहे, तर पातळी ४२ फूट. ७० ऐवजी ७१ भरले गेले, तर प्रत्येक नोंद एक फुटाने चुकते. आणि जोडणी जितकी उत्तम, तितक्या तत्परतेने चुकीचा आकडा सर्वांना पोहोचतो. अभियंते मीटरमध्ये आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बोलतात, गाव फुटांत आणि पुलाच्या पट्टीत बोलते. आयर्विनची ४० फुटांची इशारा पातळी म्हणजे पट्टीवरचे १२.१९ मीटर. हे रूपांतर यंत्रात कोठेतरी एकदाच आणि बरोबर झाले पाहिजे. त्याची खातरजमा करण्यासाठी अजूनही जुन्या मोजपट्टीइतका भरवशाचा साक्षीदार नाही. ज्या मिनिटाला यंत्राने नोंद पाठवली, त्याच मिनिटाला पट्टी वाचायची आणि दोन्ही आकडे एका वहीत शेजारी लिहायचे. पाणी कमी असताना एकदा आणि पाणी चढले असताना पुन्हा. पट्टी वाचणाऱ्या माणसाची गरज यंत्रामुळे संपली असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की यंत्र खरे बोलते की नाही हे सांगणारा दुसरा कोणीच नाही.

डोंगरावरच्या पर्जन्यमापकाची परीक्षा त्या मानाने मजेची आहे. त्यात तराजूसारखी हलणारी छोटी वाटी असते. ठरावीक पाणी भरले की ती कलते आणि लॉगर एक मोजतो. तोंडाचा व्यास २०० मिलिमीटर आणि एका कलण्याला अर्धा मिलिमीटर पाऊस असा हिशेब असेल, तर वाटी दर १५.७ मिलिलिटरला कलली पाहिजे. मोजून घेतलेले एक लिटर पाणी हळूहळू, थेंबथेंब वर ओतायचे आणि पुण्यातील माणसाला विचारायचे, किती कलणी मोजली गेली? ६३ किंवा ६४ असे उत्तर आले, तर फनेलपासून पुण्यापर्यंतची सारी साखळी एकाच लिटरमध्ये तपासून झाली. ३० आले, तर बहुधा पाणी फार भराभर ओतले गेले. काहीच आले नाही, तर आधी फनेलमध्ये पाहावे. झाडाचे पान किंवा कोळ्याचे जाळे निघण्याचा संभव अधिक. कोट्यवधींच्या व्यवस्थेला कोळ्याचे जाळे पुरते, याचे नवल वाटायला नको. भर पावसात पाऊस नाही असे सांगणारा पर्जन्यमापक जोडणीच्या प्रत्येक चाचणीत उत्तीर्ण झालेला असू शकतो.

पेटी कोठे बसवायची, हा प्रश्नही जोडणीचाच आहे. आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या वर बसवावी, असा नियम सांगितला जातो. परंतु २००५ च्या पुराचा टिळा पाहून त्याच्या जेमतेम वर बसवलेली कोणतीही वस्तू २०१९ च्या पाण्याने सांगलीत गाठली असती. शिवाय पूर आला की वीजपुरवठा तोडावाच लागतो. मोबाइलचा मनोरा मग बॅटरीवर आणि डिझेलवर किती काळ उभा राहील, हे तेथे डिझेल पोहोचवता येते की नाही यावर ठरते. रस्ताच पाण्याखाली असेल, तर उत्तर सरळ आहे. यंत्राची स्वतःची बॅटरी आठ दिवस टिकली तरी ज्याच्याशी बोलायचे तो मनोरा निजला, तर सिमकार्ड निरुपयोगी. महत्त्वाच्या पुलांवर मोबाइल आणि उपग्रह अशा दोन वाटा असाव्यात हा खर्चिक आग्रह येथे योग्य ठरतो. मात्र दुसरी वाट पहिली बंद पडल्यावर आपोआप उघडते का, हेही पहिली वाट मुद्दाम तोडूनच पाहावे लागते. कित्येक वर्षे पहिली वाट चालू राहिल्यामुळे दुसरीकडे कोणी पाहिलेलेच नसते आणि तिचे भाडे भरणेही राहून गेलेले असते.

भाड्याचा विषय निघालाच आहे. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते आणि नदीचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. देखभालीचे कंत्राट आणि सिमकार्डाचे नूतनीकरण या दोन तारखांच्या मध्ये अडकले, तर सगळे तंत्र शाबूत असूनही यंत्र गप्प बसते. या रोगावर अभियांत्रिकीत औषध नाही. ते लेखाशाखेत आहे.

आकडा पुण्यात पोहोचला, सांगलीच्या नियंत्रण कक्षात दिसला, तरी साखळी संपत नाही. ४० फूट ओलांडताच ज्यांना संदेश जायचा, त्या यादीत कोणाचे क्रमांक आहेत? बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचा, निवडणुकीत पायउतार झालेल्या सरपंचांचा, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या ग्रामसेवकाचा क्रमांक यादीत तसाच राहिलेला असतो. संदेश अचूक वेळी सुटतो, अचूक पोहोचतो आणि परगावी लेकीकडे राहायला गेलेल्या माणसाच्या फोनवर वाजतो. यंत्राच्या दृष्टीने चाचणी यशस्वी. नदीकाठच्या गल्लीत मात्र लोक झोपलेले.

म्हणून नदीकाठच्या ग्रामपंचायतीने, सोसायटीने, तरुण मंडळाने चातुर्मासाच्या तोंडावर, पहिला मोठा पाऊस येण्याआधी, एक संपूर्ण चाचणी मागून घेण्यात काहीच गैर नाही. मे महिन्यात नदी तळाशी असते. पाणी चढवून दाखवता येत नाही. तरीही रडारला फसवता येते. लांब बांबूला बांधलेला पत्रा सेन्सरच्या खाली ठरावीक अंतरावर धरला, की यंत्राला पाणी तेथवर आल्यासारखे वाटते. पत्रा ४० फुटांच्या खुणेवर धरायचा आणि घड्याळ लावून बसायचे. लॉगरने केव्हा नोंदले, पुण्यात केव्हा दिसले, नियंत्रण कक्षात केव्हा वाजले, तहसीलदार कार्यालयातून फोन केव्हा आला आणि वाड्यावस्तीवर दवंडी देणाऱ्या किंवा भोंगा वाजवणाऱ्या माणसाला केव्हा कळले, याच्या वेळा कागदावर एकाखाली एक लिहायच्या. पुष्कळदा पहिल्या तीन वेळांत काही मिनिटांचेच अंतर असते आणि शेवटच्या दोहोंत तासांचे. दुरुस्ती कोठे हवी, हे मग कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

असा पत्रा धरण्यापूर्वी दोन गोष्टींची व्यवस्था करावी. चाचणी चालू आहे, हे नियंत्रण कक्षाला आणि गावाला आधी सांगावे. नाहीतर भर उन्हाळ्यात पुराची अफवा उठेल आणि जुलैतील खरा भोंगा ऐकून लोक हसतील. आणि चाचणी संपल्यावर त्या नोंदींवर चाचणीच्या म्हणून खूण करावी. तसे न केल्यास मे महिन्यातील चाळीस फुटांचा एक पूर कृष्णेच्या नोंदवहीत कायमचा राहतो आणि काही वर्षांनी एखादा अभ्यासू विद्यार्थी त्याची कारणे शोधत बसतो.